पटावरचे नाव आणि वर्गातली जागा

शाळा बुडवण्याविषयी, किंवा ती नाइलाजाने बुडण्याविषयी, वाचकांनी पत्रे पाठवावीत असे आवाहन या सदरातून जून महिन्यात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात येथे थोडी संक्षेपाने देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. उत्तरे देताना जिल्हा परिषदेच्या शाळांतील 31 वर्षांच्या नोकरीत जे पाहिले त्यावर माझी अधिक भिस्त आहे, आणि कायद्याचा आधार जेथे लागतो तेथे तो सांगितला आहे.

प्रश्न : आमची मुलगी दुसरीत आहे. गौरी-गणपतीला आम्ही सावंतवाडीजवळच्या गावी आठ-दहा दिवस राहतो, वर्षाकाठी दोन-तीन लग्ने असतात, आणि महिन्यातून एखादा सोमवार रविवारला जोडून घेतला जातो. यंदा तिच्या बाईंनी हजेरीबद्दल चिठ्ठी पाठवली. मुलगी हुशार आहे, घरी गोष्टींची पुस्तके स्वतः वाचते. दुसरीत असे काय बुडते, की ज्यासाठी गावचा गणपती सोडावा? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : गावचा गणपती सोडू नका. आरत्या, भजने, माटवी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधणे आणि पाच-पंचवीस चुलत भावंडांत आठ दिवस राहणे हेही शिक्षणच आहे, आणि त्या दिवसांतले बरेचसे दिवस शाळेलाही सुट्टी असते. प्रश्न गणपतीचा नाही. तो तुमच्या पत्रात जाता जाता आलेल्या ‘एखाद्या सोमवारा’चा आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे 220 आणि 1000 आहेत. आता शाळेची सुट्टी वगळून गणपतीचे चार दिवस, लग्नांचे पाच, जोडून घेतलेले दहा सोमवार आणि सर्दी-तापाचे सहा दिवस धरा. हे 25 दिवस झाले, म्हणजे 200 दिवसांचा आठवा भाग. अमेरिकेतील अनेक राज्यांत वर्षातील 10 टक्के दिवस बुडालेले मूल, मग कारण आजाराचे असो की प्रवासाचे, सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजले जाते आणि शाळा त्याच्याकडे वेगळे लक्ष देते. तुमची मुलगी ती रेषा ओलांडून गेली आहे आणि घरात ते कोणाच्या ध्यानात आलेले नाही, कारण सलग असे ती कधीच गैरहजर राहिलेली नाही. सलग दहा दिवस बुडाले की आईवडीलही हबकतात, वह्या मागवतात, शिकवणी घेतात. सुटे सुटे पंचवीस दिवस मात्र कोणी मोजत नाही.

दुसरीत काय बुडते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नेमकेच द्यायला हवे. हातच्याची वजाबाकी घ्या. बाई वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन बसतात. बावन्नातून सात काढायचे असतात, सुट्या काड्या दोनच असतात, मग कोणीतरी मूल उठून एका गठ्ठ्याचा रबर काढते आणि दहा काड्या मोकळ्या होतात. तो गठ्ठा सुटताना ज्या मुलाने पाहिला त्याला हातचा कोठून येतो ते कळले. जे त्या दिवशी घरी होते त्याला दुसऱ्या दिवशी फक्त कृती कळते : शेजारच्याकडून एक घ्यायचा, वर लिहायचा, खाली काट मारायची. ती कृती पुढची दोन वर्षे बिनबोभाट चालते, उत्तरेही बरोबर येतात. मग आकड्यांत मधे शून्य येते, भागाकार येतो, दशांश चिन्ह येते आणि ‘हिचे गणित एकाएकी कसे कच्चे झाले’ असे आपण म्हणू लागतो. ते एकाएकी झालेले नसते. चौथीतल्या मुलांच्या चुका मागे मागे शोधत गेले की कितीदा तरी त्या दुसरीतल्या अशाच एखाद्या सकाळपाशी जाऊन थांबतात. वाचनाचे तसे नाही. वाचणारे मूल घरीही पुढे जाते, आणि म्हणूनच हुशार मुलांचे गणित आतून पोकळ राहिलेले पालकांना उशिरा कळते.

दुसरी गोष्ट वह्या-पुस्तकांत न सापडणारी आहे. चार दिवसांनी परतलेल्या मुलीला मैत्रिणींच्या खेळाचा नियम बदललेला आढळतो, नाटुकलीतली पात्रे वाटून झालेली असतात, तिच्या जागेवर दुसरीच कोणी बसलेली असते. सात वर्षांच्या मुलीला हे सारे नवीन पाढ्यापेक्षा जड जाते.

तेव्हा गणपतीला जरूर जा, पण बाईंना आधी सांगून जा आणि त्या दिवसांत काय शिकवले जाणार आहे ते विचारून घ्या. परतल्यावरच्या पहिल्या दोन संध्याकाळी तिच्याशेजारी अर्धा तास बसा. परतीचे तिकीट रविवारचे काढा. आणि जोडून घेतलेले सोमवार बंद करा. त्यांच्यातून मूल इतकेच शिकते की घरातल्या सर्व कामांत सर्वांत आधी रद्द करता येणारी गोष्ट शाळा आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जातात. नात पाचवीत आहे. धाकटा नातू दीड वर्षाचा आहे, त्याला सांभाळायला तिला बरोबर न्यावे असे सुनेचे म्हणणे आहे. मी आणि म्हातारी गावातच असतो, पण आमच्याने पोरीचे जेवणखाण आणि अभ्यास निभेल का, अशी शंका येते. पाडव्याला परत आल्यावर मास्तर तिला वर्गात बसवतात, पण तिला काही येत नाही. काय करावे? (एक आजोबा, बीड जिल्हा)

उत्तर : आजोबा, नातीला काही येत नाही यात तिचा दोष नाही, हे आधी सांगते. दिवाळीच्या सुट्टीपासून वार्षिक परीक्षेच्या तोंडापर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण दुसरे सत्र, ती फडावर असते. पहिलीपासून चार हंगाम असे गेले असतील, तर पाचवीत बसलेल्या या मुलीच्या वाट्याला प्रत्यक्षात दोन-सव्वादोन वर्षांची शाळा आली आहे. तेवढ्या शाळेत जेवढे यावे तेवढे तिला येत असेल. पटावर ती दरवर्षी पुढे सरकली, कारण आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असाच कायदा होता. आता राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते, नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा देता येते आणि तीतही यश न आल्यास त्याच वर्गात राहावे लागते. म्हणून तिच्यासाठी यंदाचे दुसरे सत्र बुडणे मागच्या वर्षांहून महाग पडेल.

तिला गावातच ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तुमच्या जिल्ह्यातील गावांत हंगामी वसतिगृहे चालतात. ती बहुधा गावच्या शाळेतच आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत असतात. आईवडील हंगामावर असेपर्यंत मुलाच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय तेथे होते, आणि दुपारचे जेवण शाळेत मिळतेच. मात्र ही सोय मुलांची नोंदणी होऊन मंजूर होते. टोळ्या निघून गेल्यावर चौकशी केली तर उशीर झालेला असतो. म्हणून दसऱ्याची वाट न पाहता सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना भेटा, नातीचे नाव यादीत घालायला सांगा आणि यादी पाहून खात्री करून घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहेही काही तालुक्यांत सुरू झाली आहेत. तुमच्या तालुक्याच्या गावी आहे का, ते पंचायत समितीत विचारा.

अभ्यासाची धास्ती बाळगू नका. तिला शिकवणे हे तुमचे काम नाही, ते मास्तरांचे आहे. घंटेच्या आधी तिला घराबाहेर काढणे आणि संध्याकाळी तिच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घेणे एवढे तुम्ही दोघे केलेत तर पुष्कळ झाले. तुम्हांला वाचता येत नसेल तरी चालेल. मूल अडखळते कोठे आणि सरळ वाचते कोठे, हे नुसत्या कानाला कळते.

आता दीड वर्षाच्या नातवाचा प्रश्न. खरी गाठ येथेच आहे. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि सून फडात वाकलेली असताना तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, याला कागदावरची कोणतीच योजना पुरे उत्तर देत नाही. तेव्हा सुनेला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. एवढेच सुचवते की टोळीत बहुधा एखादी वयस्क बाई स्वयंपाकापाण्यासाठी म्हणून आलेली असते. चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढून कोप्यांपाशी (मजुरांच्या झोपड्यांपाशी) लहान मुले सांभाळण्याचे काम तिच्याकडे दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. टोळी ठरतानाच हे बोलणे झाले तर होते. फडावर पोहोचल्यावर मात्र, जी मुलगी सोबत असेल तिच्या काखेला मूल जाते.

इतके करूनही तिला न्यावेच लागले, तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ती कोणत्या वर्गात आहे आणि तिला काय येते याची नोंद त्यात असते, आणि ते दाखवून कारखान्याच्या परिसरातील शाळेत तिला बसता येते. दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा तिला परत पाठवू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कायद्याने तेथील स्थानिक प्राधिकरणाचे (जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या संस्थेचे) काम आहे. पण व्यवहार मला माहीत आहे. फडापासून शाळा लांब असते, टोळी आज येथे तर पंधरा दिवसांनी तेथे असते. म्हणून ही वाट दुय्यम समजावी.

आणखी एक गोष्ट आजोबांपाशीच बोलता येईल अशी आहे. पाचवीत शाळेपासून सुटलेली मुलगी तेरा-चौदाव्या वर्षी घरात ‘नुसतीच बसलेली’ दिसू लागते आणि मग सोयरीक घेऊन येणाऱ्यांना पायबंद घालणे अवघड होते. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे, हे आपण जाणताच. रोज दप्तर घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीविषयी ते बोलणे काढायला लोक कचरतात.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी त्याच्या पोटात दुखते. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. शाळेची वेळ टळली की तो बरा होतो. हे नाटक समजून त्याला ओढून शाळेत न्यावे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : नाटक हा शब्द आधी मागे घ्या. अशा मुलांचे पोट खरोखर दुखते. कारण पोटात नसते, एवढेच. परीक्षेच्या सकाळी मोठ्या माणसांनाही हा अनुभव येतो.

डॉक्टरांकडे जाऊन आलात ते योग्य झाले. आता शाळेत जाऊन त्याच्या हजेरीचा पट पाहा आणि बुडालेले वार एका कागदावर लिहून काढा. वार लिहिले की पुष्कळदा कारण आपोआप पुढे येते. बुधवार आणि शुक्रवारच बुडत असतील तर त्या दिवशीचे वेळापत्रक पाहा. कवायतीचा तास असेल, गणिताची तोंडी परीक्षा असेल, किंवा सर्वांसमोर उभे राहून इंग्रजी वाचायचे असेल. सोमवार बुडत असतील तर ती सुट्टीनंतरची अडखळ असते. वारांना काहीच क्रम नसेल तर शाळेच्या वाटेवर पाहावे : व्हॅनमधली मोठी मुले, मधल्या सुट्टीत डबा हिसकावणारे, चिडवण्याचे नाव. माझ्या शाळेत एक मुलगा केवळ स्वच्छतागृहाच्या भीतीने येईनासा झाला होता. तेथे दोन दांडगी मुले दार बाहेरून लावून घेत. त्याच्या पोटदुखीवर सहा महिने औषधे चालू होती.

ओढून नेऊ नका, तसेच घरीही ठेवू नका. या दोन्हींच्या मधली वाट कष्टाची आहे, पण तीच लागू पडते. मूल एकदा घरी राहिले की पोटाला लगेच आराम पडतो आणि शाळा टाळली की बरे वाटते, हे शरीर शिकून ठेवते. दुसऱ्या दिवशी तेच दुखणे थोडे लवकर आणि थोडे जोराने येते. पंधरा दिवसांनी आणखी एक भीती जोडली जाते, ‘इतके दिवस कोठे होतास’ या प्रश्नाची, आणि मूळ कारण नाहीसे झाले तरी ही भीती त्याला घरी बसवते. म्हणून वर्गशिक्षकांना भेटून असे ठरवून घ्या की तो रोज येईल, पण प्रारंभी काही दिवस फार त्रास झाल्यास दोन तासांनंतर शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटे बसू शकेल. घरी राहण्याची खरोखरच वेळ आली तर तो दिवस आजारपणासारखा जाऊ द्या : अंथरूण, पेज, आणि मोबाइल व दूरदर्शन बंद.

कारण विचारताना ‘का जात नाहीस’ असे विचारू नका, त्याला उत्तर नसते. ‘शाळेतली कोणती वेळ नकोशी वाटते’ असे विचारा, आणि समोरासमोर बसून नव्हे तर दुचाकीवर मागे बसलेला असताना किंवा शेंगा सोलताना विचारा. महिनाभरात फरक न पडल्यास समुपदेशकांची मदत घ्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. कोणी मारहाण करत असेल किंवा अंगाला हात लावत असेल असा संशय जरी आला, तरी मुख्याध्यापकांशी त्याच दिवशी बोला. मुलांसाठीची 1098 ही सेवाही आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत 100 टक्के हजेरीला बक्षीस असते. मुलीला ताप असला तरी ती जायचा हट्ट धरते. जाऊ द्यावे का? (एक आई, सोलापूर)

उत्तर : नाही. ताप, उलट्या-जुलाब, डोळे आलेले किंवा कांजिण्या असताना मूल घरीच हवे, त्याच्यासाठीही आणि शेजारी बसणाऱ्यांसाठीही. मला स्वतःला हे बक्षीस कधीच पटले नाही. ते बहुधा ज्याच्या घरी आजारपण आले नाही त्याला मिळते, आणि दम्याच्या मुलाला जूनमध्येच कळते की ते आपल्यासाठी नाही. शाळेला बक्षीस द्यायचेच असेल तर गेल्या वर्षीपेक्षा ज्याची हजेरी सर्वांत वाढली त्याला द्यावे, असे पालकसभेत सुचवून पाहा.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. क्लासचे संचालक म्हणतात की शाळेत वेळ जातो, सकाळपासून क्लासलाच बसवा, शाळेचे ‘बघून घेऊ’. आमच्या ओळखीतली अकरावी-बारावीची मुले तर कॉलेजला फक्त प्रात्यक्षिकांपुरती जातात. हे कितपत योग्य? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ‘बघून घेऊ’ म्हणजे काय, ते संचालकांकडून लिहून मागा. मिळणार नाही.

राज्य मंडळाच्या परीक्षेस नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या कारणासाठी सवलत मिळू शकते, क्लासच्या वेळापत्रकासाठी ती नाही. ज्याला शाळेत जायचेच नाही त्याच्यासाठी खासगी विद्यार्थ्याचा 17 नंबरचा फॉर्म आहे. तो भरणे प्रामाणिक आहे, शाळेत नाव ठेवून खोटी हजेरी लावून घेणे नाही. शिवाय दहावीला भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांत 20 गुण शाळेच्या हातात असतात. ते तोंडी परीक्षा, प्रयोग, गृहपाठ, प्रकल्प यांचे आहेत, आणि तुमच्या मुलीला वर्षभर न पाहिलेले शिक्षक ते कशाच्या आधारावर देणार?

अकरावी-बारावीच्या ‘इंटिग्रेटेड’ प्रकाराविषयी (नाव कॉलेजात, शिकणे क्लासमध्ये) लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल. 2018 साली मोठ्या शहरांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता, यावरून दुखणे किती जुने आहे ते कळावे. मला त्यात सर्वांत खटकते ते वेगळेच. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, वडीलधाऱ्यांच्या संमतीने, मुले एक खोटी नोंद करायला शिकतात.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे. पटावर 38 मुले आहेत. बाजाराच्या दिवशी निम्मी येत नाहीत, होळीच्या आसपास आठवडाभर वर्ग ओस पडतो आणि मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच मुले रानात जातात. पालकांना दंड करावा, निदान मुलांना वर्गाबाहेर उभे करावे, असे माझे सहकारी म्हणतात. आपले मत काय? (एक शिक्षक)

उत्तर : दंडाचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया मोठा होता आणि तो दंड पालकाला होता, मुलाला नव्हे. शिवाय त्या दंडाच्या मागे एक राजा आपल्या तिजोरीतून गावोगाव शाळा उघडत उभा होता. पुढे राज्य शासनाने 1992 साली उलटी वाट धरली आणि दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. तोही रुपयाच. तीस वर्षांत महागाई कोठच्या कोठे गेली, तो रुपया मात्र जागचा हलला नाही, आणि आता त्याने कोणाच्या घरचा निर्णय बदलत असेल असे मला वाटत नाही. तुमच्या पाड्यावरचे एक कुटुंब मोहाच्या हंगामात वर्षभराच्या मिठामिरचीची सोय करते. त्यासमोर दंडही हरेल आणि भत्ताही.

वर्गाबाहेर उभे करण्याविषयी मात्र दुमत नको. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी यात विसंगती पाहा : जे मूल काल आले नाही त्याला शिक्षा आज मिळते, आणि आज तर ते आले आहे. शिक्षा येण्याचीच होते.

तुम्ही सांगितलेल्या तीन कारणांना तीन वेगळी उत्तरे आहेत. होळी हा सातपुड्यातला वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. भोंगऱ्या बाजार, ढोल, रात्रभरचा नाच यांपुढे शाळा चालवणे हा हट्ट आहे. शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचा अधिकार कायद्याने स्थानिक प्राधिकरणाला दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या ठरावासह केंद्रप्रमुखांमार्फत प्रस्ताव द्या, आणि ज्या सुट्टीला तुमच्या पाड्यावर कोणताच सण नसतो अशा एखाद्या सुट्टीच्या बदल्यात ते दिवस मागा. मोहफुले पहाटे वेचली जातात आणि ऊन चढण्याआधी ते काम बहुतेक संपते. त्या तीन-चार आठवड्यांपुरती शाळेची वेळ पुढे ढकलण्याचा प्रस्तावही त्याच ठरावात घालता येईल. बाजाराच्या दिवसाला उपाय तुमच्याच हातात आहे. त्या दिवशी नवा पाठ न घेता, मुलांना सर्वांत आवडणारे काही ठेवा. आमच्या एका शाळेत गुरुवारी पेटी उघडून गोष्टीची पुस्तके वाटली जात आणि दुपारी खिचडीनंतर चित्रे काढली जात. मुलांचे बाजाराला जाणे अगदी थांबले असे नाही, पण पूर्वी निम्मी जात तेथे पाच-सहा जाऊ लागली.

एका कारणाचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. पहिली-दुसरीतली मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात आणि वर्गात त्यांना दिवसभर मराठी ऐकावी लागते. न कळणाऱ्या बोलीत पाच तास बसणे मोठ्यांनाही जमणार नाही. तुम्ही त्यांची भाषा बोलत असाल तर उत्तमच. नसाल, तर रोज दहा शब्द त्यांच्याकडून शिका, आणि चुका. मास्तरांच्या चुकांना हसायला मुले दुसऱ्या दिवशी हमखास येतात.

राहिली हजेरी घेण्याची पद्धत. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि पटावर नावे असलेली लाखो मुले वर्गांत सापडली नाहीत. तेव्हापासून हजेरीपत्रक म्हणजे तपासणीला दाखवायचा कागद, अशी भीती शिक्षकांच्या मनात बसली. ते बाजूला ठेवून स्वतःपुरती एक वही करा. जे मूल आज आले नाही त्याच्या नावापुढे आज काय शिकवले ते एका ओळीत लिहा. ते परत आले की पहिल्या दहा मिनिटांत, इतरांना लेखन देऊन, तेवढेच त्याला शिकवा. ‘का आला नाहीस’ हे मधल्या सुट्टीत विचारा. दोन शिक्षकांवर सगळे वर्ग असताना हे रोज निभणार नाही, मला ठाऊक आहे. आठवड्यातून तीन दिवस निभले तरी पुरे.

प्रश्न : भाचा आठवीत आहे. वडिलांच्या आजारपणात तो दोन महिने शाळेत गेला नाही. आता शाळा म्हणते की त्याचे नाव कमी केले आहे, पुन्हा प्रवेशासाठी शुल्क भरून नव्याने यावे लागेल. शाळा अनुदानित आहे. (एक मामा, जळगाव)

उत्तर : आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे 16 वे कलम सांगते. राज्यातील सर्वेक्षणांत महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य धरले जाते, पण त्याचा अर्थ त्याला परत आणण्याची जबाबदारी वाढते असा आहे, नाव कापण्याची मुभा मिळते असा नाही. अनुदानित शाळेने आठवीपर्यंत शिक्षणासाठी शुल्क मागण्याचाही प्रश्न येत नाही. इतकेच नव्हे, मागे पडलेल्या अभ्यासासाठी जादा शिक्षण देऊन त्याला वर्गाबरोबर आणणे हे शिक्षकांचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेले आहे.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा. वडिलांच्या आजारपणाचा कागद जोडा, अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शाळेच्या शिक्क्यासह पोहोच घ्या. बहुतेक ठिकाणी शिक्का मागताच सूर बदलतो. न बदलल्यास तीच प्रत जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. शहरी भागात महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे शिक्षण कार्यालय पाहावे. नववीपासून पुढे या कलमाचे संरक्षण नसते, तेव्हा यंदाच हे मार्गी लावा. मात्र या पत्रव्यवहाराचा निकाल लागेपर्यंत भाच्याला घरी बसवू नका. ज्या दिवशी अर्ज द्याल त्याच दिवशी त्याला दप्तरासह बरोबर न्या आणि वर्गात बसवूनच परत या.